खानदेशातला असेंबल्ड संगणक

सुटे भाग निवडून, ते जोडून तयार केलेल्या संगणकाला महाराष्ट्रात सगळीकडे ‘असेंबल्ड’ म्हणतात. दुकानदार कोटेशन लिहून देतो. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर अशा आठ-नऊ ओळी असतात आणि खाली बेरीज. बेरीज आवाक्याबाहेर गेली की एखादी ओळ खाली आणायची. कोणती ओळ खाली आणावी आणि कोणत्या ओळीला हात लावू नये, याचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलांमागे तंत्रज्ञान होते, आयात शुल्क होते, दूरच्या देशांतले अपघातही होते. खानदेशापुरते बोलायचे, तर वीज आणि ऊनही होते.

बोरी नदीकाठचे अमळनेर मराठी वाचकाला माहीत असते ते प्रताप शेटजींच्या कापडगिरणीमुळे, १९१६ पासूनच्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे आणि साने गुरुजी शिकवत होते त्या शाळेमुळे. संगणकाच्या इतिहासात मात्र हे गाव शेंगदाण्याच्या वाटेने शिरले. खानदेशात भुईमूग मुबलक, म्हणून महंमद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली आणि कारखाना अमळनेरला काढला. वनस्पती तुपाच्या जोडीला ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण आला. १९६६ मध्ये संस्थापक वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट टाकून कारभार पाहू लागले. कंपनीच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांपासून पुढे ‘विप्रो’ हे नाव झाले.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा कमी करणे भाग पडले. आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीला ते मान्य नव्हते, त्यामुळे १९७८ मध्ये ती कंपनी भारतातून गेली. या रिकाम्या जागेत ज्या देशी कंपन्या उतरल्या, त्यांत तुपा-साबणाची विप्रोही होती. इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवर चालणारा तिचा ‘सीरीज ८६’ हा मिनिसंगणक १९८० च्या दशकाच्या आरंभी आला. तो घडला बंगळूर-म्हैसूरकडे. अमळनेरच्या वाट्याला संगणकाचा कारखाना आला नाही, पण कंपनीचे जुने शेअर जपून ठेवणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला संगणकातला पैसा आला. भारतातल्या दुसऱ्या कुठल्या तालुक्याच्या गावाबद्दल असे क्वचितच म्हणता येईल.

सुट्या भागांतून संगणक जोडता येऊ लागला तो आयबीएमच्याच एका काटकसरीमुळे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आलेला आयबीएम पीसी लवकर आणि बेताच्या खर्चात उभा करायचा होता. म्हणून कंपनीने बहुतेक भाग बाहेरून विकत घेतले. ८०८६ ऐवजी ८०८८ निवडला, कारण त्याची माहितीवाहिनी आठ बिटांची होती आणि तिला जुन्या, स्वस्त साहाय्यक चिप चालत. आयबीएमचे स्वतःचे म्हणावे असे फार तर बायोस हे संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर होते. कॉम्पॅकने आणि नंतर १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने त्याच्यासारखे काम करणारे बायोस कायदेशीर मार्गाने नव्याने लिहिले. तेव्हापासून तैवानचा मदरबोर्ड, अमेरिकेचा प्रोसेसर आणि कोरियाची रॅम एका पेटीत नांदू लागली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला आणि स्क्रूची भोकेसुद्धा ठरून गेली. त्या आराखड्यातल्या कॅबिनेटमध्ये आजचा मदरबोर्डही बसतो.

भारतात अडसर होता तो पैशाचा आणि परवान्याचा. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने परवाने सैल केले आणि सुट्या भागांवरचे शुल्क उतरवले. तरीही शुल्क भरून आलेला भाग आणि न भरता आलेला भाग यांच्या किमतीत मोठे अंतर राहिले. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड रेडिओच्या सुट्या भागांसाठी आधीपासून प्रसिद्ध होता. पाटीवर त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते कोणी घेत नाही. संगणकाचा बाजारही तिथेच बसला. पक्क्या बिलाचा भाव आणि कच्च्या बिलाचा भाव असे दोन भाव या धंद्यात वर्षानुवर्षे चालले. कच्च्या बिलात वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असे. जिल्ह्याच्या गावच्या ग्राहकाला हे महाग पडे, कारण बिघडलेला भाग मुंबईला पाठवायचा आणि परतीची वाट पाहायची. जळगावच्या गोलाणी मार्केटसारखी ठिकाणे उभी राहिल्यावर हा त्रास कमी झाला.

या काळात रॅमचा भाव सोन्यासारखा रोज विचारावा लागे. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या सुमितोमोच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवरच्या आवरणासाठी लागणारे रेझिन तिथे तयार होत असे, त्यामुळे जगभर रॅम महागली. सप्टेंबर १९९९ च्या तैवानमधील भूकंपाने तेच पुन्हा घडले. म्हणून नव्वदच्या दशकातले शहाणपण असे होते की रॅम आज गरजेपुरती घ्यावी, पण मदरबोर्डवर एक खाच रिकामी ठेवावी.

तालुक्याच्या गावात जोरदार संगणक पहिल्यांदा लागला तो डीटीपीवाल्याला. लग्नपत्रिका, हँडबिले, स्थानिक साप्ताहिके हे त्याचे काम. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड हा देवनागरीसाठी मदरबोर्डवर खोचायचा स्वतंत्र भाग होता. विंडोज रुळल्यावर कार्डाची गरज संपली आणि सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी अशी सॉफ्टवेअरे आली. श्रीलिपीसोबत संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायचे छोटे ‘लॉक’ मिळे. ते लावले नाही तर मराठी अक्षरे उमटत नसत. पुढे नव्या मदरबोर्डांवरून प्रिंटर पोर्ट नाहीसे होऊ लागले, तेव्हा असे जुने लॉक असलेल्या डीटीपीवाल्याला मदरबोर्ड निवडताना वेगाआधी पाठीमागची भोके मोजावी लागत. कोरल ड्रॉ आणि फोटोशॉपच्या मोठ्या फायलींसाठी त्याचा पैसा रॅममध्ये जाई, ग्राफिक कार्डात नव्हे.

ऑगस्ट १९९८ मध्ये आलेला सेलेरॉन ३००ए हा कमी पैशांत जास्त वेग मिळवण्याच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला भाग. तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचार पटीने, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झवर चाले. ४४०बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डवर बस १०० केली की तोच प्रोसेसर ४५० वर जाई, आणि बहुतेक नग ते सहन करत. त्याची १२८ केबी कॅश प्रोसेसरच्याच वेगाने धावत असल्याने तो त्या वेळच्या महागड्या पेंटियमच्या बरोबरीने काम करी. इथे धडा मिळाला की नाव आणि मेगाहर्ट्झ पाहून निवड करू नये. उलट धडा इंटेलच्या ८१० चिपसेटने दिला. त्यात चित्रे दाखवायची सोय अंगभूत होती, म्हणून संगणक स्वस्त पडे, पण ग्राफिक कार्डासाठी एजीपी खाचच नसे. आज वाचवलेल्या पैशात उद्याची वाढ बंद होई. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे गावोगावी संगणक केंद्रे निघाली. वर्ड आणि एक्सेल शिकवायला असे संगणक पुरेसे होते. घरच्या मुलाला गेम खेळायचे असत, तेव्हा हाच स्वस्त संगणक अंगाशी येई.

लग्नाच्या कॅसेटचे ‘मिक्सिंग’ करणाऱ्याची गरज आणखी निराळी होती. मिनी डीव्ही कॅमेऱ्यातले एक तासाचे चित्रण फायरवायर कार्डातून उतरवले की सुमारे १३ जीबी जागा व्यापे. टेप थांबत नाही, त्यामुळे हार्ड डिस्कने सेकंदाला साडेतीन-चार एमबी सलग लिहिलेच पाहिजेत. तिने क्षणभर दम घेतला की चौकटी गळत आणि अंतरपाटाच्या वेळचे चित्र उडी मारी. म्हणून विंडोज एका डिस्कवर आणि चित्रण ७२०० फेऱ्यांच्या दुसऱ्या डिस्कवर ही मांडणी रूढ झाली. थोडा हळू प्रोसेसर त्याला चालत असे, दुसरी डिस्क नसली तर अडत असे.

मुंबई-पुण्याच्या कोटेशनपेक्षा खानदेशचे कोटेशन वेगळे होते ते विजेमुळे. २००५ च्या आगेमागे महाराष्ट्रात लोडशेडिंग इतके वाढले होते की यूपीएस ही चैन राहिली नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच भार पेलतो. ग्राफिक कार्ड लावलेला संगणक भर खेळात तेवढी वीज सहज ओढतो, आणि मग यूपीएस असूनही दिव्यासोबत संगणक बंद पडतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीत, पॉवर फॅक्टर सुधारणारे मंडल असते. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींशी त्याचे काही वेळा पटत नाही. त्यामुळे हे दोन्ही भाग एकत्रच ठरवावे लागतात.

एसएमपीएस ही कोटेशनमधली सर्वांत दुर्लक्षित ओळ. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या पेटीवर ४५० वॅट छापलेले असते, पण १२ व्होल्टच्या तारेवर किती अँपिअर मिळतात ते बारीक अक्षरात पाहिले की खरी ताकद कळते. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघेही त्याच तारेवर जगतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘८० प्लस’ प्रमाणपत्रामुळे निवड थोडी सोपी झाली. बेताच्या पैशांत या ओळीला कात्री लावणे ही असेंबल्ड संगणकाच्या धंद्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ही पेटी जळते तेव्हा सहसा एकटी जळत नाही.

उन्हाचा हिशेब त्याहून सरळ आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि कॅबिनेटचे पंखे आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. २००१ च्या सुमाराचे एएमडी ॲथलॉन पेंटियम ४ पेक्षा स्वस्त होते. पण हीटसिंक निसटला तर पेंटियम आपला वेग उतरवून वाचे आणि ॲथलॉन जळे. ‘एएमडी तापतो’ हा शिक्का तेव्हा बसला आणि कारण संपल्यावरही दुकानांत बरीच वर्षे टिकला. शिक्क्यांवर विसंबून केलेल्या निवडीत किती पैसा वाया गेला असेल, त्याची मोजदाद नाही.

भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि २००५ पर्यंत बहुतेक भागांवरचे शुल्क शून्यावर आले. कच्च्या बिलाचा मुख्य फायदा तिथेच संपला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर व्यावसायिक ग्राहक पक्के बिल आपणहून मागू लागले. २००५ मध्येच एचसीएलने ९,९९० रुपयांचा लिनक्सवाला संगणक काढला, पण तो किमतीसाठी गाजला, कामासाठी नाही. घराघरांत लॅपटॉप शिरले तसा ब्रँडेड डेस्कटॉप मागे पडला. विप्रोने डिसेंबर २०१३ मध्ये संगणक बनवणे थांबवल्याचे जाहीर केले.

असेंबल्ड मात्र टिकला, कारण आता तो वेगाची गरज असलेल्यांचाच उरला. २०१७ मध्ये एएमडीच्या रायझन ५ १६०० ने सहा गाभे मध्यम किमतीत दिले आणि त्याची एएम४ खाच पुढच्या कित्येक प्रोसेसरांना चालत राहिली. मदरबोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येणे ही बेताच्या पैशाला मोठी सवलत होती. पैसा आता ग्राफिक कार्डाकडे वळला. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामामुळे ही कार्डे छापील किमतीत मिळेनाशी झाली. त्याआधी २०११ च्या थायलंडमधल्या पुराने हार्ड डिस्क महाग केल्या होत्या.

२०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचे उत्पादन आपल्याकडे ओढले आणि डीडीआर५ रॅमचे भाव झपाट्याने चढले. प्रोसेसर व कार्ड यांच्या तुलनेत किरकोळ ठरलेली रॅमची ओळ कोटेशनमध्ये पुन्हा जड झाली. अशा वेळी जुनी डीडीआर४ रॅम जवळ असलेल्या माणसाने नव्या आराखड्याच्या मागे न लागता एएम४ खाचेतच वरचा प्रोसेसर बसवणे आणि उरलेला पैसा ग्राफिक कार्डात व एसएमपीएसमध्ये घालणे, हाच सध्या फायद्याचा व्यवहार आहे.