भीमाशंकर अभयारण्य

पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या माथ्यावरचे निमसदाहरित वनक्षेत्र व ज्योतिर्लिंगाचे स्थान. क्षेत्रफळ सु. १३१ चौ. किमी. मंदिर खेड तालुक्यात असून वन आंबेगाव तालुक्यात व कड्याखाली रायगड-ठाणे जिल्ह्यांत पसरले आहे. अभयारण्याची घोषणा १९८५ मध्ये झाली. भीमा नदी येथे उगम पावते.

मंदिराचे शिखर नाना फडणीसांनी बांधविले, असे मानतात. आवारातील मोठी पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर (१७३९) येथे आली. देवाच्या भोवतालचे रान तोडू नये, हा संकेत जुना आहे. डोंगरातील अनेक देवराया त्यामुळेच टिकल्या.

माथ्यावर वारा जोराचा व माती उथळ. त्यामुळे अंजनीसारखी झाडे खुजी राहतात. घळींत व देवरायांत मात्र जांभूळ, आंबा, हिरडा, पिसा यांची छत्रे एकमेकांत मिसळलेली असतात. उतारांवर कारवी माजते, ती सु. सात वर्षांनी एकदाच फुलते आणि बी पडल्यावर वाळून जाते. तिच्या काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती करतात. पावसाळ्यात कुजक्या काटक्यांवरची बुरशी अंधारात मंद हिरवट उजळते.

या वनाची खरी ओळख म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस पाठ, फिकट पोट व झुपकेदार शेपटी असलेली ही मोठी खार क्वचितच जमिनीवर उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर ती सहा मीटरपर्यंत झेप घेते. छत्र तुटले की तिची वाटही तुटते. म्हणून रस्ते व मोकळी केलेली रानपट्टी तिला शिकाऱ्याइतकीच जाचक ठरतात. काटक्यापानांची गोलसर घरटी ती फांद्यांच्या बेचक्यांत बांधते. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात. फळे, बिया, फुले व साल हे तिचे खाद्य. एल्फिन्स्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा तिचा प्रकार साइक्स यांनी १८३१ मध्ये वर्णिला. बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी व रानडुक्कर येथे आढळतात. पक्ष्यांत मलबारी राखी धनेश व शीळकरी कस्तूर उल्लेखनीय.

रहिवासी मुख्यत्वे महादेव कोळी व ठाकर. भात, नाचणी व वरई ही पिके. बाळहिरडा गोळा करून विकतात.

पुण्याहून पक्का रस्ता आहे. कोकणातून खांडसमार्गे शिडी घाट व गणेश घाट या पायवाटा चढतात. शिडी घाट पावसात धोक्याचा.