भिंतीपासून उंबरठ्यापर्यंत

महाड आणि पोलादपूर हे सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले दोन तालुके. येथील वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, कर्तीं माणसें पोटासाठीं मुंबईस, आणि घरीं बहुतकरून वृद्ध व मुलें. अशा वाडींत एखाद्याचें मन बिघडलें तर त्याचें पुढें कोणीं पाहावें, हा प्रश्न जुनाच आहे. गेल्या दीडशें वर्षांत त्यास जीं उत्तरें मिळत गेलीं, त्यांचा अल्प इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

पहिलें उत्तर भिंतीचें होतें. कंपनीचें राज्य जाऊन राणीचें राज्य आलें त्याच वर्षीं, म्हणजे सन १८५८ मध्यें, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा हिंदुस्थानांत झाला. पुढें नागपुरास १८६४ त, रत्नागिरीस १८८६ त व ठाण्यास १९०१ त अशीं इस्पितळें उभीं राहिलीं. येरवड्याचें धरून हीं चार आजही राज्याचीं प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. १९१२ च्या कायद्यानें मॅजिस्ट्रेटचे हुकूम, डॉक्टरांचे दाखले, निरीक्षकांच्या भेटी अशी सारी व्यवस्था बारकाईनें लावून दिली. परंतु माणूस आंत कसा जावा याचीं कलमें भरपूर असतां, तो बाहेर नेणाऱ्या नातलगानें नीट सांभाळण्याची हमी द्यावी, एवढ्यावर कायद्याची नजर थांबते. त्या नातलगास मदत कोणीं करावी, हा विचार त्यांत नाहीं.

तो विचार हळूहळू आला. १९१३ त अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मेरी जॅरेट या बाईंनीं मनोरुग्णालयांत समाजसेवेचें काम हातीं घेतलें. रुग्णाचें घर व परिस्थिति पाहावी, आणि डॉक्टर व कुटुंब यांच्यामधील दुवा व्हावें, असें त्या कामाचें स्वरूप होतें. मुंबईंत १९३६ त सर दोराबजी टाटा यांच्या नांवें समाजकार्याची शाळा निघाली. तीच पुढें टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. दुसऱ्याच वर्षीं तिनें मुलांच्या मानसिक तक्रारींसाठीं मार्गदर्शन केंद्र काढलें. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं रुग्णांच्या आप्तांस आवारांत तंबू देऊन ठेवून घेतलें व शुश्रूषा शिकविली. पूर्वीं केवळ हमीपुरता असलेला आप्त येथें उपचारांत भागीदार झाला.

पुढें १९५२ त फ्रान्समध्यें क्लोरप्रोमझिन हें औषध मनोविकारांवर वापरलें गेलें आणि भिंतींची गरज कमी होऊं लागली. अमेरिकेनें १९६३ त कायदा करून वस्तीजवळ उपचारकेंद्रें काढण्याचें ठरविलें. रुग्ण मोकळे झाले. पण औषध एका कचेरींत, पैसा दुसरींत, निवारा तिसरींत, असे हेलपाटे घालतां घालतां पुष्कळजण वाटेंतच हरवले. म्हणून विस्कॉन्सिन प्रांतांतील मॅडिसन येथें रुग्णालयाचीच माणसें गांवांत पाठविण्याचा प्रयोग झाला, आणि १९७७ त निघालेल्या सरकारी योजनेंत रुग्णामागें एक जबाबदार माणूस असावा या कल्पनेस स्थान मिळालें. इंग्लंडनें १९९१ त तोच मार्ग धरला. या पद्धतीस केस मॅनेजमेंट म्हणतात. नांव पेढीवरचें वाटतें, अर्थ मात्र साधा आहे: रुग्णाचा पाठपुरावा ज्याच्यावर सोंपविला आहे असा एक ओळखीचा माणूस.

हा माणूस करतो काय, तें उदाहरणानें सांगतों. समजा, पोलादपूर तालुक्यांतील एका तरुणास अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत औषध सुरू झालें. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक, वर पावसाळा. एक खेप चुकते, मग दुसरी. मुलगा बरा दिसतो, म्हणून आईही गोळ्या बंद करते. कांहीं आठवड्यांनीं त्याची झोप उडते. तो एकटा बसूं लागतो. आजार उलटत असल्याची ही खूण वेळीं ओळखणें, गोळ्यांनीं हात कांपूं लागल्यास तें डॉक्टरांस कळविणें, अपंगत्वाच्या दाखल्यासाठीं बरोबर जाणें, झेपेल तें काम मिळवून देणें, आणि थकलेल्या आईशीं दोन शब्द बोलणें, हें सारें त्यानें करावयाचें. यांतील एकेक गोष्ट लहान आहे. पण ती कोणाचीच जबाबदारी नसली कीं उपचार फुकट जातो.

याची कसोटी आमच्या घाटापलीकडे लागलेली आहे. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढला कीं महाबळेश्वर, आणि त्यापुढें सातारा. सातारा, गोवा व तामिळनाडू येथें स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांचा जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ त 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. १८७ रुग्णांस डॉक्टरी उपचारांखेरीज, शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांचें साहाय्य घरपोंच मिळे. उरलेल्या ९५ जणांस केवळ दवाखान्यांतील उपचार मिळत. वर्षअखेर पहिल्या गटाचीं लक्षणें व परावलंबन कांहींसें अधिक उतरलें. फरक माफक होता, हें सांगितलें पाहिजे. पण तामिळनाडूच्या ग्रामीण भागांत तो सर्वांत ठळक दिसला. आमच्यासारख्या दूरच्या तालुक्यांनीं ध्यानांत घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

कायदाही आतां पालटला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचें ९८ वें कलम सांगतें कीं, रुग्णास घरीं सोडण्यापूर्वीं पुढील उपचारांविषयीं त्याच्याशीं व त्याच्या आप्तांशीं विचारविनिमय करावा. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांविषयीं पोलिसांचीं कर्तव्यें १०० व्या कलमांत दिलीं आहेत. महाड-पोलादपुरावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गास तें कलम परकें नाहीं. अशा भटक्यांस बरें करून घरीं पोंचविण्याचें काम आपल्याच जिल्ह्यांत कर्जतनजीक श्रद्धा पुनर्वसन संस्था करीत आली आहे. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांस २०१८ त मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

शेवटीं आपल्या डोंगरांविषयीं. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथें दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. पोलादपुरांत केवनाळे व सुतारवाडी येथेंही तसाच घाला पडला, आणि महाड शहर पुरांत बुडालें. घरें, गुरें, भांडीं यांचे पंचनामे होतात. उडालेल्या झोपेचा पंचनामा होत नाहीं. शोक हा रोग नव्हे. परंतु शोक कोठें संपतो आणि आजार कोठें सुरू होतो, हें ओळखण्यास नित्य दारावरून जाणारें माणूस लागतें. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी सल्ला मिळतो, तो जरूर घ्यावा. पण दूरध्वनि दार ठोठावीत नाहीं. वाडीवाडींत आशाताई आहेतच. त्यांच्यावर कामें आधींच पुष्कळ. म्हणून त्यांस हें शिक्षण, योग्य वेतन आणि पाठीशीं एक डॉक्टर, एवढें आपण मागितलें पाहिजे. भिंती बांधण्यास लागला तेवढा पैसा यास लागणार नाहीं.