बाळंतिणींचे मृत्यु आणि अमेरिकेंतील कायदे

१९१७ सालीं वॉशिंग्टन येथील एका सरकारी कचेरीनें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. कचेरीचें नांव 'चिल्ड्रेन्स ब्यूरो' आणि पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंचें नांव ग्रेस मीग्ज. १९१३ या एका वर्षांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निदान १५,००० स्त्रिया बाळंतपणामुळें मृत्यु पावल्या व त्यांपैकीं सुमारें ७,००० सूतिकाज्वरानें गेल्या, असा हिशेब त्यांत मांडला होता. पंधरा ते चव्वेचाळीस वर्षें वयाच्या स्त्रियांत क्षयाखेरीज दुसऱ्या कोणत्याहि रोगानें इतके बळी घेतले नव्हते. सूतिकाज्वराचें मूळ कांहीं गूढ नव्हतें. बाळंतपण करणाराचे हात निर्मळ असले तर तो बव्हंशीं टळतो, हें व्हिएन्नाच्या सेमेलवाइसनें १८४७ सालींच दाखवून दिलें होतें. आणि ज्या देशांत १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांनीं प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून वैद्यकाची पदवी मिळविली, तो देश या बाबतींत तुलनेस घेतलेल्या सोळा राष्ट्रांत चौदावा लागला!

हा आकडा अंदाजानेंच काढावा लागला, हें त्याहून चमत्कारिक. एकसारखी जन्मनोंदणी तेव्हां देशभर नव्हतीच. १९१५ सालीं ती सुरू झाली तेव्हां तींत दहा संस्थानें होतीं. टेक्सस हें शेवटचें संस्थान तींत येण्यास १९३३ साल उजाडलें.

ब्यूरोच्या प्रमुख जूलिया लॅथ्रप यांचें म्हणणें असें कीं, ही गोष्ट दैवाची नसून सरकारच्या कर्तव्याची आहे. अमेरिकन कायदेमंडळांतील पहिल्या स्त्री-सभासद जॅनेट रॅन्किन यांनीं १९१८ सालीं त्या धोरणाचें बिल आणलें, पण तें पडून राहिलें. पुढें टेक्ससचे सेनेटर शेपर्ड आणि आयोवाचे प्रतिनिधि टाउनर यांनीं तें हातीं घेतलें. १९२० सालीं देशभर स्त्रियांना मताधिकार मिळाला (दक्षिणेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांना तो पुस्तकांतच मिळाला), आणि कालपर्यंत बिलाची थट्टा करणाऱ्या मुत्सद्द्यांना या नव्या मतांची धास्ती वाटूं लागली. तरी विरोध थोडा नव्हता. मिसूरीचे सेनेटर रीड यांनीं ब्यूरोंतील अविवाहित स्त्रियांची यथेच्छ टिंगल केली. डॉक्टरांच्या अखिल अमेरिकन संस्थेस त्यांत समाजसत्तावादाचा वास आला. प्रतिनिधिगृहांत त्या वेळीं एकच स्त्री होती, ओक्लाहोमाच्या ॲलिस रॉबर्टसन. आणि तीहि बिलाच्या विरुद्ध! अखेर २३ नोव्हेंबर १९२१ रोजीं अध्यक्ष हार्डिंग यांची सही होऊन शेपर्ड-टाउनर कायदा अमलांत आला.

कायद्याचा आवांका बेताचाच होता. वर्षास सुमारें साडेबारा लक्ष डॉलर मध्यवर्ती सरकारनें द्यावयाचे, कांहीं भर संस्थानांनीं घालावयाची, आणि त्यांतून गर्भारणींना सल्ला देणारीं केंद्रें काढावयाचीं व परिचारिकांना घरोघर पाठवावयाचें. औषधपाणी नाहीं, इस्पितळ नाहीं, केवळ शिक्षण. तरीसुद्धां मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट व इलिनॉइ या तीन संस्थानांनीं तो पैसा घेतला नाहीं. मॅसॅच्युसेट्स तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व १९२३ सालीं हात हलवीत परत आलें. बाकीच्यांनीं मिळून सुमारें तीन हजार केंद्रें उघडलीं, आणि परिचारिकांनीं तीस लाखांवर घरभेटी दिल्या.

दक्षिणेकडे हा कायदा कसा पोंचला, हें थोडें सविस्तर पाहण्याजोगें आहे. तेथील कृष्णवर्णीय वस्तींत बाळंतपणें करीत असत त्या वयस्क सुइणी. लोक त्यांना 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणत. अक्षरओळख असलेल्या त्यांत थोड्या, परंतु त्या रात्रीं-अपरात्रीं कोसकोस चालत जात आणि मोबदला मिळेल तो घेत. सरकारी परिचारिकांनीं त्यांचे वर्ग भरविले, नांवें नोंदून परवाने दिले, पांढरें स्वच्छ वस्त्र घालावयास लाविलें, बाळाच्या डोळ्यांत रौप्यक्षाराचे थेंब घालण्यास शिकविलें. प्रत्येकीपाशीं धुवट कापडाची पिशवी असे, आणि त्या पिशवीची झडती होई. या शिकवणीनें कित्येक जीव वांचले असतील यांत संशय नाहीं. पण त्याबरोबर अधिकाऱ्यांच्या मनांत एक समजूत घट्ट बसली, कीं दोष काय तो सुइणीचा. डॉक्टरांच्या पिशवीची झडती कोणी घेतली नाहीं. १९३३ सालीं न्यूयॉर्कच्या वैद्यक परिषदेनें मागील तीन वर्षांतील २,०४१ मातृमृत्यु एकेक करून तपासले, तेव्हां त्यांतील दोन-तृतीयांश टाळतां येण्याजोगे ठरले, आणि सुइणींची कामगिरी डॉक्टरांहून उणी नसल्याचें आढळलें. डॉक्टरमंडळींत या निवाड्यावर मोठा गहजब झाला.

तोंवर मूळ कायदा उरला नव्हता. १९२७ सालीं दोन वर्षांची मुदत वाढवून मिळाली ती या अटीवर, कीं ३० जून १९२९ रोजीं तो आपोआप संपावा. त्याच्या अमदानींत बालमृत्यु घटले, पण बाळंतिणींचें मरण जागचें हललें नाहीं. १९१५ सालीं दर लाख जन्मांमागें ६०८ माता मरत. १९३० सालीं ६७३. मधल्या काळांत दक्षिणेंतील गरीब संस्थानें नोंदणींत आलीं, हें या वाढीचें एक कारण. मग १९३५ च्या सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यानें तो पैसा परत आला, सल्फा औषधें आलीं, रक्तपेढ्या निघाल्या, पेनिसिलीन आलें, आणि १९५० सालीं आकडा ८३ वर उतरला. वैद्यकाच्या इतिहासांत अशीं उदाहरणें फार नाहींत.

पण हाच आकडा वर्णांप्रमाणें फोडून पाहिला म्हणजे निराळेंच चित्र दिसतें. १९१५ सालीं गोऱ्या स्त्रियांचें प्रमाण ६०१ आणि इतरांचें १,०५६, म्हणजे पावणेदोन पट. १९४० सालीं ३२० व ७७४. १९५० सालीं ६१ व २२२, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. मृत्यु दोहींकडे घटले आणि अंतर मात्र वाढत गेलें! कारण नवे उपाय इस्पितळांत मिळत, आणि इस्पितळाचें दार सर्वांना सारखें उघडत नसे. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्यानें देशभर इस्पितळें बांधण्यास सरकारी पैसा दिला. त्यांत भेदभाव करूं नये असें कलम होतें, आणि लागलीच पुढें अपवादहि होता: निराळ्या लोकांसाठीं निराळी पण तोडीची सोय असल्यास चालेल. ही तोडीची सोय कशी असे, हें दक्षिणेंतील कोणत्याहि कृष्णवर्णीय बाईस विचारावें. पूर्वग्रह हा माणसाच्या मनांत असतो असें म्हणतात. येथें तो कायद्याच्या कलमांतच बसला होता. उत्तर कॅरोलिनांतील ग्रीन्सबरो गांवचे दंतवैद्य जॉर्ज सिम्किन्स व त्यांचे सहकारी न्यायालयांत गेले, आणि १९६३ सालीं तो अपवाद रद्द झाला. पुढल्याच वर्षीं नागरी हक्कांचा कायदा आला. तोंवर जुन्या सुइणी मावळत चालल्या होत्या. ज्या दारापर्यंत त्या येत, तेथें पुष्कळदां दुसरें कोणी पोंचलें नाहीं.

यानंतर कायदेमंडळानें हा प्रश्न सुटला असें मानिलें. मोजदादींतहि ढिलाई आली. मृत्यूच्या दाखल्यावर गर्भारपणाचा रकाना २००३ सालीं सुचविला गेला, पण सर्व संस्थानांनीं तो घेईपर्यंत चौदा-पंधरा वर्षें गेलीं. आणि २००७ नंतर २०१८ सालच्या आकड्यापर्यंत राष्ट्राचा अधिकृत आकडाच निघाला नाहीं. अशा काळांत, २०१७ च्या सप्टेंबरांत, टेनिसपटु सेरेना विल्यम्स बाळंत झाल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांना दम लागला. आपल्या फुप्फुसांत रक्ताची गांठ अडकली असावी, हें त्यांनीं पूर्वानुभवावरून ओळखलें व तपासणी मागितली. औषधानें बाईंना भ्रम झाला असावा, असें परिचारिकेस वाटलें. आग्रह धरल्यावर तपासणी झाली, आणि गांठी निघाल्या. जगप्रसिद्ध, श्रीमंत स्त्रीचें म्हणणें जेथें पहिल्या हाकेला ऐकलें जात नाहीं, तेथें इतरांचें काय, असा प्रश्न मग वर्तमानपत्रांतून विचारला जाऊं लागला.

२१ डिसेंबर २०१८ रोजीं मातृमृत्यु टाळण्याचा कायदा झाला. प्रत्येक संस्थानांत समिति नेमून प्रत्येक मृत्यूची चौकशी करण्यास त्यानें पैसा दिला. छत्तीस संस्थानांतील अशा समित्यांनीं २०१७ ते २०१९ या वर्षांचे मृत्यु तपासले, तेव्हां शंभरांतील चौऱ्याऐंशी टाळतां येण्याजोगे निघाले. आणि निम्म्याहून अधिक मृत्यु बाळंतपणानंतर आठवडा उलटून वर्षाच्या आंत घडलेले. गरिबांचा मेडिकेड विमा बाळंतपणाच्या आधारावर मिळाला असल्यास साठ दिवसांनीं संपत असे. २०२१ च्या कायद्यानें तो वर्षभर लांबविण्याची मुभा संस्थानांना दिली व बहुतेकांनीं ती घेतली. गाजावाजा न झालेलें हें कलम बाळंतिणीच्या पदरांत कांहीं तरी प्रत्यक्ष टाकणारें होतें.

पूर्वग्रहाचा उघड उच्चार केला तो कॅलिफोर्नियानें. २०१९ सालीं, हॉली मिचेल यांच्या बिलावरून, प्रसूतिविभागांतील नोकरवर्गास नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहाविषयीं शिक्षण देणें तेथें सक्तीचें झालें. कांहीं तासांच्या वर्गानें पिढ्यांची संवय मोडेल काय, ही शंका रास्त आहे. पण वर्ग तरी भरले काय? ऑगस्ट २०२१ मध्यें संस्थानच्या कायदेखात्यानें चौकशी केली, तेव्हां शंभरांतील सतराच इस्पितळांनीं आरंभ केला होता. चौकशीचीं पत्रें पोंचलीं आणि वर्षभरांत एक्याऐंशी टक्के नोकरवर्ग शिकून मोकळा झाला! वॉशिंग्टनमध्यें २०२० सालीं लॉरेन अंडरवुड, ॲल्मा ॲडम्स व कमला हॅरिस यांनीं बिलांचा एक मोठा संच मांडला. त्यांतील पहिलें बिल, माजी सैनिक स्त्रियांविषयींचें, नोव्हेंबर २०२१ मध्यें कायदा झालें. बाकीचीं बहुतेक दर नव्या कायदेमंडळापुढें पुन्हा मांडावीं लागलीं.

कोविडच्या साथींत, २०२१ सालीं, देशाचा आकडा दर लाखास ३२.९ वर चढला होता. २०२३ सालीं तो १८.६ वर आला. त्या वर्षीं गोऱ्या मातांचें प्रमाण १४.५ आणि कृष्णवर्णीय मातांचें ५०.३ होतें. पुढल्या वर्षीं कॅलिफोर्नियानें आपला कायदा दुरुस्त केला, आणि नोकरवर्गास शिकविल्याचा पुरावा दरसाल कायदेखात्यास न देणाऱ्या इस्पितळांना दंड ठेवला.