शाईंतलें तूप

नव्या यंत्राची चाहूल लागली कीं समाज बिचकतो, आणि त्या बिचकण्याला अडाणीपणा असें नांव देऊन आपण मोकळे होतों. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हें आज मराठी मुद्रणाच्या इतिहासावरून पाहूं.

छापण्याचें यंत्र हिंदुस्थानांत प्रथम उतरलें तें 1556 सालीं, गोव्यास. 1616 मध्यें फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण राचोल येथें छापून निघालें. भाषा मराठी, पण लिपि रोमन. 1674 मध्यें भीमजी पारेख या सुरतेच्या व्यापाऱ्याच्या खटपटीनें मुंबईस विलायतेहून मुद्रक आला. परंतु त्याला देशी अक्षरांचे खिळे पाडतां येईनात. पुढें पेशवाईच्या उतरत्या काळांत तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून छापण्याचा विचार पुण्यास निघाला, आणि तो 1805 सालीं मिरजेस तडीस गेला. पहिलें यंत्र येऊन अडीचशें वर्षें लोटलीं होतीं, तरी मराठी घरांतील पोथी अजून बोरूनेंच लिहिली जात होती.

हीं सारीं वर्षें केवळ भीतीनें गिळलीं असें मात्र नव्हे. काने, मात्रा, रफार आणि जोडाक्षरें धरून देवनागरीला शेंकडों खिळे लागतात, आणि ते घडविणारे हात आपल्याकडे नव्हते. खरा संकोच दिसूं लागला तो नंतर. अमेरिकन मिशनऱ्यांनीं 1816-17 च्या सुमारास मुंबईंत छापखाना घातला, आणि छापील मराठी कागद लोकांच्या हातीं पडला तो बहुधा धर्मांतराचा उपदेश घेऊनच. शिवाय शाईंत चरबी असते असा बोभाटा होता. सोंवळें नेसून पोथी वाचणाऱ्यानें त्या कागदाला हात कसा लावावा? छापील कागदाचा विटाळ मानणाऱ्या अशा मंडळींची नोंद गोविंद नारायण माडगांवकर यांनीं 1863 सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत करून ठेवली आहे.

ही कोंडी फोडली ती गणपत कृष्णाजी या भंडारी ज्ञातीच्या गृहस्थानें. मिशनच्या छापखान्यांत काम करतां करतां त्यानें ती विद्या उचलली, स्वतः यंत्र उभें केलें, शाई घरीं बनविली, आणि 1831 सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढलें. त्यानें निवडलेली वस्तु पाहा! एकादशी कधीं, ग्रहण कधीं, लग्नाचा मुहूर्त कोणता, हें पाहिल्यावांचून ज्या घराचें पान हालत नसे, त्याच घरांत छापील कागद पंचांगाच्या रूपानें शिरला. चरबीच्या शंकेवर त्यानें वाद घातला नाहीं. त्यानें शाईंत तूप घातलें.

पुढचा मार्ग मोकळा झाला. 1832 च्या जानेवारींत बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें. 1845 मध्यें त्यांनींच ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली. 1869 मध्यें जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला. ज्या धर्माच्या नांवानें छापील कागद दूर ठेवला जात होता, त्याचेच ग्रंथ त्या कागदानें घरोघर नेले.

तरीही विलंबाची किंमत पडलीच. वाळवीनें किती पोथ्या खाल्ल्या, आणि फडक्यांत बांधलेली विद्या किती जिज्ञासूंपर्यंत पोंचलीच नाहीं, याचा हिशेब कोणापाशीं आहे? म्हणून संकोचाचा गौरव करण्याचें कारण नाहीं. परंतु त्या संकोचांत एक साधा प्रश्न होता: या शाईंत काय आहे, आणि ती कोणाच्या हातची आहे? मिशनऱ्यांना त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. गणपत कृष्णाजीला देतां आलें, कारण त्यानें प्रश्न विचारणाऱ्याला मूर्ख ठरविलें नाहीं.

आज माणसासारखीं उत्तरें देणारीं यंत्रें आपल्या दाराशीं आलीं आहेत, आणि घरोघर तीच कुजबूज चालली आहे. तिला हंसण्यापूर्वीं शाईंत काय आहे तें तपासावें, आणि तपासणीच्या निमित्तानें आणखी अडीचशें वर्षें मात्र घालवूं नयेत.