थेऊरचा रुग्ण आणि चिंतेचा क्षय

वाघोलीहून केसनंदमार्गे दक्षिणेकडे निघाले की मुळा-मुठेपलीकडे थेऊर लागते. पिलाजी जाधवरावांच्या वाघोलीपासून काही कोसांवरच्या या गावी, चिंतामणीच्या सान्निध्यात, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी देह ठेवला. वय अवघे २७.

रोग राजयक्ष्मा, परंपरेने तो आतड्यांचा क्षय मानला जातो. १७७०च्या कर्नाटक स्वारीत प्रकृती ढासळली आणि मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवून त्यांना परतावे लागले.

त्या काळच्या वैद्याने या रोगाचे मूळ कोठे शोधले असते? चरकसंहितेच्या निदानस्थानात राजयक्ष्म्याची चार कारणे दिली आहेत: साहस म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, वेगांचे संधारण, धातूंचा क्षय आणि विषमाशन. संधारणाच्या विवेचनात राजाजवळ बसलेला मनुष्य भयाने वा लाजेने मलमूत्राचे वेग दाबून धरतो, असे मार्मिक उदाहरण येते. (दरबारी लोकांचे दुखणे ग्रंथकाराने जवळून पाहिले असावे.) क्षयाच्या कारणांत शोक, चिंता, ईर्ष्या, भय, क्रोध येतात. विमानस्थान तर सांगते की हितकर अन्न बेताने खाल्ले तरी चिंताग्रस्त माणसाला ते पचत नाही.

ही यादी माधवरावांच्या आयुष्यावर ठेवून पाहावी. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी आलेली पेशवाई, १७६२मध्ये आळेगावी चुलत्यापुढे पत्करलेली शरणागती, हैदरावरच्या लागोपाठ स्वाऱ्या, १७६८मध्ये धोडपला त्याच चुलत्याचा पराभव आणि मग त्याची शनिवारवाड्यातील नजरकैद. छावणीतल्या जेवणाला वेळ कसली असणार!

म्हणून ‘काकांच्या चिंतेने पेशव्याला खाल्ले’ ही लोकसमजूत मोहक वाटते. पण ती अर्धीच खरी. क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२मध्ये दाखवले. चिंतेतून जंतू निर्माण होत नाही.

मात्र पचन आणि मन यांचा संबंध चरकाने कल्पनेने जोडला नव्हता. पोटावरील जखमेचे छिद्र कायम उघडे राहिलेल्या ॲलेक्सिस सेंट मार्टिनचे जठर अमेरिकी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी वर्षानुवर्षे न्याहाळले. रागाने पचन बिघडते, हे त्यांनी १८३३च्या ग्रंथात नोंदवले. २००४मध्ये जपानी संशोधकांना आढळले की आतड्यात जंतूच नसलेले उंदीर ताणाला अधिक तीव्र प्रतिसाद देतात. मेंदूकडून पोटाकडे आणि पोटाकडून मेंदूकडे, अशी ही वाट दुहेरी आहे. आतड्याच्या दीर्घ दुखण्याने मन खचते, तेही याच वाटेने. माधवरावांच्या शीघ्रकोपाचा विचार करताना हे विसरू नये. अर्थात त्यांचा राग आजारापूर्वीही प्रसिद्ध होताच.

अखेरच्या आठवड्यांत त्यांनी नऊ कलमांची यादी लिहवून घेतली. राज्यावरचे कर्ज फेडण्याची सूचना तीत आहे.