फेलिंगची खाण आणि डेव्हीचा दिवा

सर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली खाणकामगारांसाठी सुरक्षा दिवा तयार केला आणि त्यामुळे असंख्य कामगारांचे प्राण वाचले, असे एक वाक्य विज्ञानाच्या पुस्तकांतून आपण वाचत आलो आहोत. वाक्याचा पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र जरा तपासून पाहायला हवा. त्यासाठी, ज्या खाणीतील अपघातामुळे या दिव्याचा शोध सुरू झाला त्या खाणीची आणि तिथल्या कामगारांची हकिकत आधी समजून घेऊ.

इंग्लंडच्या ईशान्य भागात टाइन नदीच्या दक्षिण तीरावर, गेट्सहेड शहराजवळ फेलिंग नावाचे गाव आहे. तिथली कोळशाची खाण १७७९ साली सुरू झाली. वाफेची इंजिने, लोखंडाचे कारखाने आणि लंडनमधील घरोघरच्या शेगड्या यांची कोळशाची भूक वाढतच होती. वरचा थर संपत आल्यावर १८१० साली फेलिंगमध्ये त्याहून खालच्या थरात काम सुरू झाले. खाणीला दोन विहिरी होत्या, 'जॉन' आणि 'विल्यम'. जॉन विहिरीची खोली सुमारे १८५ मीटर होती.

कोळशातला वायू

झाडाझुडपांचे अवशेष गाडले जाऊन त्यांचा कोळसा होताना मिथेन वायू तयार होतो. तो कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत आणि भेगांत दाबाखाली कोंडलेला असतो. कोळसा फोडला की तो बाहेर पडतो. थर जितका खोल, तितका साधारणपणे हा वायू अधिक, कारण वरच्या खडकांमुळे त्याला निसटून जायला वाव मिळालेला नसतो. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने तो बोगद्याच्या छताशी साचतो. त्याला ना रंग, ना वास. हवेत त्याचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर स्फोट होत नाही आणि १५ टक्क्यांहून जास्त असेल तरीही होत नाही, कारण तेव्हा ऑक्सिजन अपुरा पडतो. या दोन मर्यादांच्या मध्ये मात्र एक ठिणगी पुरते.

हा वायू बाहेर काढण्याची त्या काळची पद्धत साधी होती. एका विहिरीशी भट्टी पेटवायची. तापलेली हवा हलकी होऊन त्या विहिरीतून वर जाते आणि तिची जागा घ्यायला दुसऱ्या विहिरीतून थंड, ताजी हवा आत येते. फेलिंगला हवा जॉन विहिरीतून उतरे आणि विल्यम विहिरीतून वर जाई. ही हवा वाट चुकून जवळच्या मार्गाने निघून जाऊ नये, म्हणून बोगद्यांत ठिकठिकाणी लाकडी दारे लावलेली असत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचे आणि ती गेली की लगेच लावायचे, एवढेच एकेकाचे काम. ते करायला आठ-दहा वर्षांची मुले बसवलेली असत. अंधारात, एकटी, दिवसाचे बारा-बारा तास. म्हणजे सगळ्या खाणीची हवा या मुलांच्या जागे राहण्यावर अवलंबून होती.

उजेडासाठी मेणबत्त्या वापरत. जिथे मेणबत्ती नेणे धोक्याचे, तिथे 'पोलादी चक्की' असे. एक मुलगा हाताने पोलादी चाक फिरवी, त्याच्यावर गारगोटी धरी आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात कामगार कोळसा फोडत. या ठिणग्यांनी वायू पेटत नाही असा समज होता. तो खरा नव्हता.

२५ मे १८१२

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास खाणीत स्फोट झाला. त्या वेळी खाली १२१ माणसे होती. पाऊण तासात ३२ जणांना वर काढता आले, पण त्यांपैकी तिघे पुढे दगावले. मृतांचा आकडा ९२ झाला. त्यांत दारे सांभाळणारी मुलेही होती.

खाण आतून जळत होती. आग विझवायची तर हवा तोडली पाहिजे, म्हणून विहिरींची तोंडे बंद करायचे ठरले. शास्त्रदृष्ट्या हे बरोबर होते, पण आत कोणी जिवंत असेल ही आशा त्याबरोबर संपणार होती. नातेवाइकांनी कडाडून विरोध केला, तरीही खाण बंद करण्यात आली. ती जुलैत पुन्हा उघडली आणि मृतदेह काढण्याचे काम सप्टेंबरपर्यंत चालले. एक देह तर शेवटपर्यंत सापडला नाही.

असे अपघात या भागात नवे नव्हते. त्यांची फारशी वाच्यता होऊ नये याची काळजी मात्र घेतली जाई. न्यूकॅसलच्या एका वृत्तपत्राने १७६७ सालीच लिहून ठेवले आहे, की अशा दुर्घटनांची विशेष दखल घेऊ नये अशी आम्हाला विनंती करण्यात आली आहे. फेलिंगच्या बाबतीत हे मौन मोडले ते तिथले धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनी. त्यांनी खाणीचा नकाशा, हवेच्या मार्गांचे वर्णन आणि मृतांची नावे व वये यांसह अपघाताची हकिकत छापून प्रसिद्ध केली. खाणमालकांचा रोष पत्करून केलेले हे काम होते. पुढच्या वर्षी, १८१३ च्या ऑक्टोबरमध्ये, खाणींतील अपघात टाळण्यासाठी संडरलंड येथे एक संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला फेलिंगमध्ये पुन्हा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे गेली.

ज्योत जाळीतून का जात नाही?

या संस्थेच्या विनंतीवरून डेव्ही ऑगस्ट १८१५ मध्ये न्यूकॅसलला आले. हॉजसन यांनी त्यांना शेजारच्या हेबर्न खाणीतील वायूचे नमुने बाटल्यांत भरून पाठवले. डेव्हींनी दिव्याची रचना करण्याआधी वायूचाच अभ्यास केला. मिथेन पेटण्यासाठी इतर अनेक ज्वलनशील वायूंपेक्षा जास्त तापमान लागते आणि अरुंद धातूच्या नळीतून ज्योत पुढे सरकत नाही, असे त्यांना आढळले. धातू उष्णतेचा सुवाहक असल्याने तो ज्योतीतील उष्णता ओढून घेतो आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापत नाही. तारेची जाळी म्हणजे अशा असंख्य, अगदी आखूड नळ्याच. एका इंचात २८ तारा, म्हणजे एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेल्या जाळीचे नळकांडे ज्योतीभोवती बसवले की झाला सुरक्षा दिवा. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत त्याची चाचणी झाली. डेव्हींनी या दिव्याचे पेटंट घेतले नाही, हे आवर्जून सांगायला हवे.

हे तत्त्व वर्गात सहज दाखवता येते. प्रयोगशाळेतील तारेची जाळी चिमट्याने धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर आडवी न्यावी. ज्योत जाळीखालीच अडते, वर फक्त धूर येतो. तांब्याच्या जाड तारेचे आठ-दहा वेढ्यांचे वेटोळे करून वातीवर अलगद उतरवले तर ज्योत विझते. तेच वेटोळे आधी चांगले तापवून उतरवले तर विझत नाही. जाळी तापून लाल झाली तर दिवा सुरक्षित का राहत नाही, याचे उत्तर या दुसऱ्या प्रयोगात आहे.

याच सुमारास किलिंगवर्थ खाणीतील यंत्रांची देखभाल करणारे जॉर्ज स्टीफन्सन यांनीही स्वतंत्रपणे एक सुरक्षा दिवा तयार केला होता. शाळेत न गेलेल्या या माणसाने ऑक्टोबर १८१५ मध्ये, जिवावर उदार होऊन, तो वायू सुटणाऱ्या भेगेजवळ स्वतः नेऊन पाहिला. खाणमालकांनी डेव्हींना दोन हजार पौंडांची चांदीची भांडी भेट दिली, तर स्टीफन्सन यांना शंभर गिनी. संतापलेल्या स्थानिक लोकांनी मग वर्गणी काढून स्टीफन्सन यांना एक हजार पौंड दिले. कारागिराला हे सुचणे शक्यच नाही, असे डेव्ही अखेरपर्यंत मानत राहिले. कल्पना कोणाची यापेक्षा ती कोणाच्या तोंडून आली याला महत्त्व देण्याची चूक मोठे शास्त्रज्ञही करतात.

दिवा आल्यानंतर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने १८३५ साली खाण अपघातांची चौकशी केली. डरहॅम आणि नॉर्थंबरलँड या दोन परगण्यांत १८१६ पूर्वीच्या अठरा वर्षांत ४४७ माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद होती. दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत हा आकडा ५३८ झाला होता. म्हणजे मृत्यू कमी न होता वाढले होते.

या आकड्यांवरून दिवा निरुपयोगी होता असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. त्या काळात खाणी वाढल्या आणि कामगारही वाढले. दर हजार कामगारांमागे किती मृत्यू, हे समजल्याखेरीज दोन काळांची नीट तुलना होत नाही. शिवाय आधीच्या काळातले अनेक अपघात दडवले गेले असणार. विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे. पण एवढे निश्चित म्हणता येते, की दिव्याने मृत्यूंना जो आळा बसेल असे वाटले होते तो बसला नाही.

याची कारणे समितीपुढे आलेल्या साक्षींतून आणि पुढच्या इतिहासातून दिसतात. पूर्वी वायूच्या भीतीने सोडून दिलेले थर दिव्याच्या भरवशावर पुन्हा खणायला घेतले गेले. छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांबही, वायू असलेल्या भागांतून, काढले जाऊ लागले. हवा खेळती ठेवणे हा खर्चाचा मामला होता. नवी विहीर खणण्यापेक्षा दिवे वाटणे कितीतरी स्वस्त. मग दिवा हा वायुवीजनाला पूरक न राहता त्याचा पर्याय होऊन बसला. त्यात दिव्याच्या स्वतःच्या मर्यादा होत्या. हवेचा झोत जोराचा असला तर ज्योत जाळीबाहेर ढकलली जाई. जाळी गंजली वा फाटली तरी धोका होताच. त्याचा उजेडही मेणबत्तीपेक्षा मंद होता. मजुरी मिळे ती काढलेल्या कोळशावर. उजेड कमी म्हणजे कोळसा कमी आणि कोळसा कमी म्हणजे घरी भाकरी कमी. त्यामुळे काही कामगार दिव्याची जाळी काढून काम करत. याला बेफिकिरी म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्यापुढचा हिशेब काय होता तेही पाहिले पाहिजे.

वायू हा एकच शत्रू नाही, हेही हळूहळू कळले. हॅसवेल येथे १८४४ साली झालेल्या स्फोटात ९५ जण गेले. त्याच्या चौकशीसाठी मायकेल फॅरडे आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांना पाठवण्यात आले. वायूच्या लहान स्फोटाने उडालेली कोळशाची धूळ स्वतः पेटते आणि स्फोट खाणभर पसरवते, हे त्यांनी दाखवून दिले. या अहवालाकडे अनेक दशके दुर्लक्ष झाले. फ्रान्समधील कूर्येर येथे १९०६ साली धुळीच्या स्फोटात १,०९९ माणसे गेली. जे. एस. हाल्डेन यांनी १८९६ मध्ये मांडले, की स्फोटात मरणारे बहुसंख्य लोक भाजून नव्हे, तर मागाहून पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात. या वायूची सूचना देण्यासाठी छोटे पक्षी खाणीत नेण्याची प्रथा त्यांच्याच सूचनेवरून पडली.

कामगारांचा आवाज

खाणी सुरक्षित करण्यात कामगारांचाही मोठा वाटा आहे. थॉमस हेपबर्न हे त्यांच्यापैकी एक. त्यांचे वडील खाणीत गेले आणि वयाच्या आठव्या वर्षी ते स्वतः खाणीत उतरले. टाइन आणि वेअर नद्यांच्या खोऱ्यांतील कामगार वर्षभराच्या कराराने मालकाशी बांधलेले असत. हेपबर्न यांनी १८३१ साली त्यांना संघटित केले आणि संप करून मुलांच्या कामाचा दिवस बारा तासांवर आणला. पुढच्या वर्षीचा संप फसला, संघटना मोडली आणि हेपबर्न यांना कोणी कामावर घेईना. शेवटी संघटनेशी संबंध ठेवणार नाही या अटीवर त्यांना काम मिळाले, ते फेलिंगच्याच खाणीत.

त्यांनी धरलेल्या मागण्या पुढे एकेक करून कायद्यात आल्या. स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना भूमिगत कामाची बंदी १८४२ मध्ये झाली. सरकारी निरीक्षकांनी खाणीत उतरून तपासणी करण्याची तरतूद १८५० मध्ये झाली. हार्टली येथे खाणीची एकुलती एक विहीर बुजून २०४ जण आत अडकून मेल्यावर, प्रत्येक खाणीला दोन वाटा असल्याच पाहिजेत असा कायदा १८६२ मध्ये झाला. आणि १८७२ च्या कायद्याने कामगारांना आपल्यातले दोघे निवडून खाणीची तपासणी करवण्याचा हक्क दिला.

डेव्हीचा दिवाही या काळात वाया गेला नाही, पण त्याचे काम बदलले. हवेत मिथेन असला की दिव्याच्या ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते आणि तिच्या उंचीवरून वायूचे प्रमाण अजमावता येते. ऑक्सिजन कमी झाला की ज्योत मंदावते आणि विझते. विजेचे दिवे आल्यावर उजेडासाठी त्याची गरज उरली नाही, पण वायूची चाचणी घेणारे साधन म्हणून तो विसाव्या शतकातही टिकून राहिला. भारतातील खाणींतही तो या कामासाठी वापरला गेला.

हा इतिहास आपल्यापासून फार दूरचा नाही. आताच्या झारखंडमधील धोरी खाणीत २८ मे १९६५ रोजी झालेल्या स्फोटात २६८ कामगार गेले. चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी या भागांतील शाळांत खाणकामगारांची मुले शिकतात. सुरक्षा दिव्याचा धडा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना जाळीचा प्रयोग जरूर दाखवावा. पण त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. या साधनाने कोणता धोका कमी झाला? त्याच्या भरवशावर कोणता नवा धोका पत्करला गेला? आणि तो कोणी ठरवला, कोणी सोसला?

फेलिंगची खाण १९३१ साली बंद झाली. १८१२ च्या मृतांची नावे आणि वये कोरलेला स्तंभ जवळच्या ह्यूअर्थ येथील चर्चच्या आवारात उभा आहे. थॉमस हेपबर्न यांची कबरही त्याच आवारात आहे.