आठ आण्यांची यात्रा

दत्तजयंती आली की सारंगखेडा आठवतं. तापीकाठी एकमुखी दत्ताचं मंदिर आणि यात्रेतला नामांकित घोडेबाजार. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली; माझ्या लहानपणी, १९८० च्या सुमारास, हा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. एस.टी.चं भाडं वाचवायला आम्ही शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून जायचो. भाकरी-ठेचा अम्मी घरूनच बांधून घ्यायची. भावंडांना प्रत्येकी आठ आणे. पाळणा की गोडीशेव, यावर वाटभर खलबतं!

घोडे पाहायला पैसे लागत नसत. अब्बांचा टांगा घोडीवाचून दारात उभा होता, म्हणून ते तिथंच रेंगाळत. एकदा त्यांनी भाव विचारला. व्यापाऱ्यानं रुमालाखाली त्यांची बोटं दाबली. अब्बांनी हात हळूच सोडवून घेतला. आकडा त्यांनी अम्मीलाही सांगितला नाही.